पांढऱ्या टोपीच्या मागं

हिंगणीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, त्या हिवाळ्यात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात नुकतीच निदर्शक म्हणून लागले होते आणि मला सगळं येतं याबद्दल मला जराही शंका नव्हती. साल शहाऐंशी असावं. कॉलेजचा एकुलता एक कॉम्प्युटर गादीत गुंडाळून जीपमधून तिथं न्यायचा आणि मोतीबिंदूच्या पेशंटांची यादी त्यावर करायची, ही कल्पना माझीच. कुणी मागितली नव्हती.

प्रोग्राम पास्कलमध्ये लिहिला होता. आमच्या सरांचं एक पालुपद असे: यादी वापरणाऱ्याला ती आतून कशी आहे हे कळायची गरज पडता कामा नये. त्यानं फक्त सांगावं, याला घे, त्याला काढ, पुढचं कोण. आत तुम्ही नावं खणांत ठेवा नाहीतर गोणीत. ही पोपटपंची करून मी परीक्षेत चांगले मार्क मिळवले होते. त्यामुळं शिबिराच्या सिस्टरना मी तीनच बटणं शिकवली: घे, काढ, पुढचं. सिस्टर धिप्पाड, उभी हयात वॉर्डात घालवलेल्या. त्यांनी एका बोटानं तिन्ही दाबून पाहिली आणि "बरं हाये" म्हणाल्या.

आतमध्ये मी अ‍ॅरे केला होता, म्हणजे एकाला एक लागून पन्नास खण. पन्नासच का, तर तो आकडा मला भरपूर वाटला. पहिल्या दिवशी डॉक्टर तपासून ज्यांना ऑपरेशनसाठी निवडत, त्यांची नावं या खणांत जात होती. दुपारचे बारा वाजायच्या आतच खण भरले. एक्कावन्नावी एक आजी होती. जंगलाकडच्या वस्तीवरून नातवाचा खांदा धरून चालत आलेली, दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं. सिस्टरनी बटण दाबलं आणि मशीननं नाव घ्यायला नकार दिला.

"काऊन वो मॅडम, याच्या पोटात जागा नाई काय?" सिस्टरनी विचारलं.

सगळी खोली हसली. सिस्टरनी शांतपणे रजिस्टर काढून आजीचं नाव पेनानं लिहिलं. माझं चांगलंच हसं झालं होतं, म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

बाहेर कडुनिंबाखाली निवडलेली माणसं होती, पण रांग म्हणून नव्हतीच. कुणी पारावर, कुणी हापशाजवळ, कुणी बिडी ओढायला कुंपणापलीकडे. आतला राग मी आजीवर काढला. "आजी, असे इकडंतिकडं बसले तं नंबर कसा समजन?"

"त्याच्यात काय समजाचं हाये? मी त्या पांढऱ्या टोपीवाल्याच्या मांगं आहो. माह्या मांगं हे बांगड्यावाली."

"आन टोपीवाला कोनाच्या मांगं?"

"ते त्याले इचार. मले काय करायचं?"

तेवढ्यात आतून एक बाई बाहेर आली. तिची शुगर फार निघाली होती आणि ऑपरेशन रद्द झालं होतं. जाता जाता तिनं आपल्या मागच्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी चालली घरी. तू आता काठीवाल्याच्या मांगं." एवढंच. बाकी कुणी जागचं हललंसुद्धा नाही. माझ्या अ‍ॅरेत तिच्यामागच्या प्रत्येकाला एकेक खण पुढं सरकवावं लागलं असतं.

पुस्तकात याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. खण मोजून ठेवायचे नाहीत, प्रत्येकानं फक्त आपल्या लगतचं माणूस लक्षात ठेवायचं, मग साखळी हवी तेवढी वाढते. यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि आज ती साखळी कडुनिंबाखाली बसलेली पाहिली. मला इतका आनंद झाला की आजीला मिठी मारावीशी वाटली.

ताटातला गोळाभात थंड होऊ देत मी जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रामची आतली बाजू बदलली. खणांतले पन्नास जण साखळीत उतरवले, शुगरवाल्या बाईला साखळीतून काढलं, रजिस्टरमधली नावं मागं जोडली. जुने खण तसेच राहू दिले. पुसू नंतर, म्हटलं. दुपारी सिस्टर पुन्हा तीच तीन बटणं दाबू लागल्या आणि यादी बिनबोभाट एकसष्ट नावांवर गेली. त्यांना काही कळलंच नाही. खरं तर हेच यश, पण कुणीतरी शाबास म्हणावं असं मला फार वाटत होतं. शेवटी मीच म्हटलं, "सिस्टर, आतून सगळं बदललं बरं का."

"हो काय? मले तं तसंच दिसून राह्यलं."

संध्याकाळी यादी छापून ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर चिकटवली आणि मोठ्या ऐटीत जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दारावरची यादी वाचून एकेकाला आत घेत होत्या. मध्येच त्यांनी शुगरवाल्या बाईचं नाव पुकारलं. "ते तं कालच गेली," कुणीतरी म्हणालं. सिस्टरनी काट मारली. मी ते ऐकलं आणि चहा पीत राहिले. तीनच्या सुमारास टोपीवाला आत गेला आणि यादी संपली. डॉक्टरांना नागपूरची गाडी गाठायची होती. आजी उठून दाराशी आली.

"टोपीवाला गेला. आता मी."

"आजी, यादीत तुमचं नाव नाई. पुढच्या साली येजा," सिस्टर दारावरच्या कागदावर बोट फिरवत म्हणाल्या.

"पुढच्या सालपर्यंत पोराच्या खांद्यावर हात ठिवूनच फिरू काय?" आजीनं दाराची चौकट धरली. "यादीचं मले नाई ठाऊक. मी त्याच्या मांगं आहो."

मी मशीनकडं धावले. यादी छापण्याच्या भागात मी "पुढचं कोण" असं विचारलंच नव्हतं. घाईत मीच थेट जुन्या खणांत हात घातला होता, एक ते पन्नास. जो नियम दुसऱ्याला शिकवत होते, तो मोडणारी मीच. साखळीत मात्र सगळे जागच्या जागी होते. टोपीवाल्याच्या मागं आजी, आणि आजीच्या मागं अकरा जण.

लाइन गेली होती, असं सांगता आलं असतं. हिंगणीत ते कुणालाही पटलं असतं. पण आजी दाराची चौकट धरून उभी होती. मी डॉक्टरांना सांगितलं, "चूक माझी आहे. बारा माणसं राहिलीत." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हात धुवायला गेले.

ऑपरेशन झालेली नावं मी साखळीतून काढली. सिस्टर मशीनपाशी आल्या, "पुढचं"चं बटण दाबलं आणि आजीचं नाव मोठ्यानं वाचलं.

पट्टी काढायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. जाड भिंगांचा चष्मा लावून आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आवाजावरून मले वाटलं मोठी बाई असशीन. तू तं एवढीशी पोरगी." मग म्हणाली, "तो टोपीवाला कोनता, दाखव. दोन दिवस मी त्याच्या मांगं होती."

तो व्हरांड्यात चष्मा पुसत बसला होता. आजी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली.

"टोपी तं मळकट हाये वो याची," ती मला म्हणाली. "म्हंजे पांढरं माह्याच डोळ्यात होतं."

टोपीवाल्यानं टोपी काढली, गुडघ्यावर झटकली आणि पुन्हा डोक्यावर घातली.