छपराखाली घास न उतरणारे आबा

आमच्या आबांइतका घराचा कंटाळा असलेला माणूस सातपुड्याच्या सगळ्या पायथ्याला दुसरा सापडणार नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. एरवी मला कशाची एवढी खात्री नसते. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. यावलहून डोंगराकडे निघालेला रस्ता जिथे दमून मातीचा होतो, तिथे आमची वस्ती आहे, आणि वस्तीतलं सगळ्यांत पक्कं घर आबांचंच आहे. स्लॅबचं, फरशीचं, खिडक्यांना जाळ्या असलेलं. ते बांधलं तेव्हा आबांनी स्वतः भिंतींवर पाणी मारलं, आणि घर पूर्ण झालं त्या दिवशी दाराबाहेर लिंबाखाली खाट टाकली. ती खाट अजून तिथेच आहे. पुढच्या खोलीत दिवाळीपासून छतापर्यंत कापूस असतो, मधल्या खोलीत गुरांची ढेप आणि खताच्या गोण्या. स्वयंपाकघरात मोठ्या आईचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, गॅस आहे, पण तो देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखा कपड्याने झाकलेला. रोजची चूल अंगणात. "पंखा कापसाले अन् मच्छर आम्हाले," असं मोठी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. आबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. घर ही माल ठेवायची जागा आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

"छपराखाली घास उतरत नाही मले," हे ते इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हा एखादा आजार आहे आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. लग्नात मंगल कार्यालयातलं ताट वाढून घेतात आणि सरळ बाहेर पडून ट्रॅक्टरच्या सावलीत जाऊन बसतात. तेवढ्यावर थांबले असते तर आम्ही काही म्हटलं नसतं. पण ते जाताना ओळखीच्या चार जणांना हाताने खुणावतात, ते चार जण आणखी चौघांना, आणि थोड्या वेळाने वाढपी जिलबीची परात घेऊन गाड्यांमधून वाट काढत असतात आणि आत नवरीचा मामा रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभा असतो. एकदा ताप डोक्यात गेला म्हणून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी नर्सबाई बघतात तर खाट रिकामी. सगळीकडे शोधाशोध झाली. आबा मागच्या बाजूला झाडाखाली आडवे झाले होते, सलाइनची बाटली फांदीला टांगलेली, आणि शेजारच्या पेशंटला केळीवरचा करपा कसा ओळखायचा ते समजावणं चाललं होतं. नर्सबाई रागावल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, औषध तेच हाये. जागा तेवढी बदलली."

हे सगळं त्यांनी एकट्याने केलं असतं तर चाललं असतं. पण आबांना कुटुंब लागतं. थंडीत आम्ही सगळे शेकोटीभोवती एका बाजूने भाजत आणि दुसऱ्या बाजूने गारठत जेवतो. पावसाळ्यात तीन बाजूंनी उघड्या पत्र्याखाली बसतो आणि भाकरी पदराखाली धरून खातो. माझ्या पुस्तकांत मुंग्या असतात, माझ्या ओढण्यांना ठिणग्यांची भोकं असतात. जळगावला कॉलेजला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या सगळ्या कपड्यांना धुराचा वास का येतो. काय सांगणार? आमच्या घरातलं मोठं कोणी शिकलेलं नव्हतं, म्हणून असं असेल, असं मला आधी वाटायचं. मग कळलं की वस्तीतले बाकीचे न शिकलेले लोक आपापल्या घरात जेवतात.

आणि रविवार. रविवारी सकाळी आबा उठतात, डोंगराकडे बघतात आणि म्हणतात, "चला, जरा डोंगर पाहून येऊ." जणू तो रात्रीतून कोणी हलवला असेल. "काल होता तठीच हाये तो," मोठी आई म्हणते, आणि म्हणता म्हणता पातेल्यात पीठ काढायला लागते, कारण तिला माहीत असतं. मग गोवऱ्यांचं पोतं, वरणाचं भांडं, पाण्याच्या कळश्या, दोन शेळ्या आणि कुत्रा अशी आमची दिंडी निघते. किती लांब जायचं ते आबा कधी सांगत नाहीत. "हे काय, अठीच," म्हणजे इथेच, एवढंच. ते 'अठीच' पहिल्या नाल्यापाशी येत नाही, दुसऱ्या नाल्यापाशी येत नाही, ते नेहमी पुढच्या चढाच्या मागे असतं. शेवटी माझी आई एका दगडावर बसते आणि म्हणते, आता मेले तरी उठणार नाही. तेव्हा आबा आनंदाने म्हणतात, "पाह्य, सापडली ना जागा."

त्यांच्या या खुळाला एक सिद्धान्तही आहे, आणि दुर्दैवाने माझ्यामुळे त्याला बळ मिळालं. वस्तीत मोबाइलला रेंज नाही. ती फक्त देवीच्या डोंगरावरच्या एका खडकावर मिळते. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा सगळं घर त्या खडकावर चढलं होतं. मोबाइलवर चाक फिरत होतं, निकाल उघडत नव्हता. शेवटी एकदा गुण दिसले, आणि मी काही बोलायच्या आत आबांनी दरीकडे तोंड करून ते जाहीर केले. आबांचा आवाज दोन शेतं ओलांडून बोलायला घडलेला आहे. खाली गुरं चारणाऱ्यांना माझे इंग्रजीचे गुण माझ्या आईच्या आधी कळले. "चांगली गोष्ट घरात येतच नाही," आबा मला म्हणाले, "बाहेर जाऊन आणावी लागते. अन् मानूस बी घरात कळत नाही. घरात तो नुसता बसेल असतो."

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात ताईचं प्रकरण निघालं तेव्हा आम्हा सगळ्यांना आधी आबांचीच काळजी वाटली. ताई आबांची एकुलती एक मुलगी. धुळ्याला नर्सिंग शिकली, तिथेच एका दवाखान्यात नोकरीला आहे. तिथल्या लॅबमध्ये काम करणारा एक मुलगा आणि ती, दोघांचं ठरलं होतं. मुलाने घरी सांगितलं. ताईने मोठ्या आईला सांगितलं, मला सांगितलं, आबांना मात्र सांगितलं नाही. आबा रागावतील अशी भीती नव्हती. त्यांना रागावताना मी पाहिलेलं नाही. भीती ही होती की सांगितल्याबरोबर ती गोष्ट नाल्यापलीकडे पोचेल, आणि मुलाचे आई-वडील येण्याआधी मुलीनेच मुलगा शोधल्याची चर्चा सगळ्या नात्यात होईल. मग ते लोक बिथरले असते तर? म्हणून एका ओळखीच्या माणसामार्फत स्थळ आल्यासारखं दाखवलं आणि पाहण्याचा कार्यक्रम ठरला. मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मूळचे शिंदखेड्याकडचे, धुळ्यात कचेरीत मोठ्या बाबूच्या जागेवरून निवृत्त झालेले. शिस्तीचे आहेत असं कळलं होतं.

ताई मला म्हणाली, "एवढा एक दिवस आबांना घरात बसव. माझं सगळं त्याच्यावर आहे."

पाहुणे येतील त्या दिवशी घरात बसा, एवढंच सांगायला मी आबांकडे गेले, नकार ऐकायच्या तयारीनेच. पण आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. बसतो." इतक्या लवकर ते कशाला हो म्हणत नाहीत, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आम्ही पुढच्या खोलीतला कापूस मागे हलवला. दोन दिवस झाडलं, पुसलं, भिंतींच्या कोपऱ्यांतलं सगळं काढलं. शेजारून खुर्च्या आणल्या. पाहुणे आले तेव्हा आबा इस्त्रीच्या सदऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेले होते, बस चुकलेल्या माणसासारखे.

आणि आबा आत बसले की आबा राहत नाहीत, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी कधी पाहिलंच नव्हतं. अण्णांनी विचारलं, "शेती किती आपली?" आबा म्हणाले, "हाये." अण्णांनी विचारलं, "केळी की कापूस?" आबा म्हणाले, "हो."  मुलाची आई पोह्यांकडे बघत होती, मुलगा जमिनीकडे. अण्णांनी घड्याळ सारखं केलं. माणूस एवढं तुटक बोलतो म्हणजे त्याला हे स्थळ नको असणार, असं त्यांना वाटत असावं. मलाही तसंच वाटलं असतं. दाराआडून ताई माझ्याकडे बघत होती. काहीतरी करायला हवं म्हणून, आणि अण्णांच्या कपाळावर घाम दिसला म्हणून, मी पंखा लावला. चांगला जोरात.

आम्ही जमीन पुसली होती, भिंती पुसल्या होत्या. पंख्याची पाती कोणी पाहिली नव्हती. वर्षानुवर्षं कापसाच्या खोलीत बंद असलेला तो पंखा फिरला आणि पात्यांवर, वरच्या माळ्यावर जमलेला सगळा फुफाटा एकदम खोलीभर उतरला. अण्णांच्या कलप लावलेल्या केसांवर, सफारीवर, पोह्यांवर, मुलाच्या आईच्या जांभळ्या साडीवर. अण्णा शिंकायला लागले ते थांबेनात. धूसर पांढऱ्या खोलीत मला फक्त आबा दिसत होते. ते उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला होता, की मला त्यांचा मनापासून राग आला.

"चला, बाहेर चला," आबा म्हणाले. "मी कवाचा सांगू राह्यलो घरच्यायले."

बाहेर म्हणजे अंगणात, असं पाहुण्यांना वाटलं. पण आबा चालतच राहिले. "कुठे जायचंय?" अण्णांनी शिंकत विचारलं. "हे काय, अठीच." आम्ही केळीच्या बागेतून गेलो, पहिला नाला ओलांडला. अण्णांचे बूट पॉलिश केलेले होते. चढ लागला तिथे बोरीखाली सगळं मांडून ठेवलेलं होतं: हिरवी वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा ढीग, भरीत कुटायची लाकडी बडगी, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. आबा पहाटेच येऊन ठेवून गेले होते. त्यांनी होकार दिला होता तो घरात बसण्याला. जेवणाबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"अण्णा, तेवढ्या काड्या मोडा," आबा म्हणाले. मी डोळे मिटले. कचेरीत आयुष्यभर खुर्चीवरून हुकूम दिलेल्या माणसाला, मुलीच्या बापाने, पाहायच्या दिवशी. पण अण्णांनी सफारीच्या बाह्या वर केल्या. काड्या मोडल्या. वांगी भाजून निघाली तेव्हा बडगीही त्यांनीच पुढे ओढली. इतका वेळ पेपरातल्यासारखं मराठी बोलणारे अण्णा मुसळी हाणता हाणता लहानपणच्या अहिराणीत म्हणाले, "आबा, हाई काम मी धाकलपने भलतं करेल शे." त्यांची बायको पदर खोचत म्हणाली, "तवा मंग घर मा काबरं नही करतस?" सगळे हसले. आबा तर आता पुरते आबा झाले होते. केळी, पाणी, रानडुकरं, सगळ्यावर बोलत होते. ताई माझ्याशेजारी बसून भाकऱ्या थापत होती, आणि किती तरी दिवसांनी तिचे खांदे सैल दिसत होते.

तेवढ्यात मुलाने निखाऱ्यातलं शेवटचं वांगं हातानेच ओढायला घेतलं.

"अरे, थांब ना," ताई म्हणाली. "तुला लगेच फोड येतो. मागच्या वेळी माझ्याकडून पट्टी करून घेतलीस ना?"

बोलून गेली आणि तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. मुलगा विस्तवाकडे बघत बसला. त्याची आई डोंगराकडे बघायला लागली. अण्णा कुटतच होते. आबांच्या हातात एक सोललेलं वांगं होतं. ते त्यांनी पुन्हा सोलायला घेतलं. सगळीकडून फिरवून, अगदी सावकाश, नसलेलं साल काढत राहिले.

जेवणं झाली. आबांनी सगळ्यांना आग्रह केला, स्वतः थोडंसं खाल्लं. अण्णा हात धुऊन म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे, आबा. तुमचा विचार सांगा." आबांनी ताईकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिले इचारा." आमच्या घरात हा प्रश्न मुलीला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. ताईने मान खाली घातली आणि हो म्हणाली, आणि आबांनी गुळाचा खडा अण्णांच्या हातावर ठेवला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आबा खाटेवर बसून होते. मी चहा घेऊन गेले. वाटलं होतं, पंख्यावरून चिडवतील. त्यांनी चहा एका दमात संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

"पोरगा चांगला हाये," ते म्हणाले. "पण मले सांगायचं ना तिनं. मी तं कायम अठीच बसेल असतो. मले सांगायले दार बी वाजवा लागत नाही."

  मी कप घेऊन वळले तेव्हा ताई दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसली. आबांनी तिच्यासाठी पाय जवळ ओढून घेतले. मी आत गेले. आई आणि मोठी आई भांडी आवरत होत्या, त्याही बाहेर बघत थांबल्या होत्या. मग मी पुढचं दार हळूच लोटून घेतलं, आणि त्या दोघांना बाहेर राहू दिलं.