पलीकडच्या काठाची उंची

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही. शेवटच्या आजारपणात आई माझा हात धरून पडून असायची, तेव्हा तिलाही नाही. सहा पावसाळे झाले. आज सांगते — नीट जमेल की नाही माहीत नाही, कारण हे सांगायला बसलं की मला रडू येत नाही, राग येतो. आणि रागात माणूस आधी दुसऱ्यांचीच नावं घेतो.

मीही तेच करणार आहे, बघा. आधी एका शब्दाचं नाव घेते. ढगफुटी.

परवा बातम्यांत बाई हा शब्द बोलली आणि मी हातातली परात ओट्यावर आपटली. इथं शहरात, पुंडलिकनगरातल्या माझ्या कोरड्या, स्वच्छ स्वयंपाकघरात. नवरा बाहेरून विचारत राहिला, काय झालं म्हणून. काय सांगू त्याला? कुठं पूर आला, घरं गेली, की ढगफुटी. झालं. आभाळावर कुणी केस करत नाही. नाल्यावर प्लॉट पाडले — ढगफुटी. पुलाखालच्या मोऱ्या गाळानं बुजल्या, कुणी तो काढला नाही — ढगफुटी. नदीला पसरायला जी जागा होती तिथं भराव टाकला, बांध घातला, पाणी दुसऱ्याच्या दारात गेलं — निसर्गाचा कोप. हा शब्द किती सोयीचा आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. मी तो वापरलाय. एका मेलेल्या बाईच्या कागदावर.

माझं माहेर करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत. गावाला एक छोटी नदी आहे, पुढं दुधनेला मिळते. उन्हाळ्यात तिच्यात नुसते दगड असतात, त्यामुळं बाहेरच्याला तिला नदी म्हणवत नाही. आमचं शेत अलीकडच्या काठाला. काठाची पट्टी सखल, तिला आम्ही मळई म्हणतो. मोठा पूर आला की नदी त्या मळईत चढायची, एक-दोन दिवस पसरून पडायची आणि गाळ टाकून निघून जायची. आजोबा तिथं फक्त रब्बीची ज्वारी घ्यायचे. पावसाळ्यात ती पट्टी नदीचीच, हे त्यांनी धरलेलंच असायचं. कुठं शिकले होते ते? कुठंच नाही. शिकलेली मी.

पलीकडच्या काठाला कौसाचं घर. मेंढ्या राखणारं घराणं. कौसा माझ्याबरोबर चौथीपर्यंत शाळेत होती, मग तिची शाळा सुटली आणि पुढं गावातल्याच मामाच्या घरात तिचं लग्न झालं. नवरा लिंबाजी, सासू म्हणजे तिची मामी भागाबाई. चारचौघांत कौसा मला निर्मलाताई म्हणायची, एकटी असली की निमे. मी डिप्लोमा केला, शहरात एका खासगी ऑफिसात पुलांचे, पाटांचे नकाशे काढायला लागले, तरी तिचं ‘निमे’ काही सुटलं नाही. मला ते आवडायचं. हेही सांगायला हवं — मला ते खरंच आवडायचं.

दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, मळईत मोसंबी लावली. दुसऱ्याच वर्षी पूर आला. विहीर गाळानं भरली, मोटार गेली, झाडं मुळासकट उपटून गेली. दादा महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. मग म्हणाला, नदीकाठानं मातीचा बांध घालायचा, पुरुषभर उंच. तू मोजून दे.

मी ऑफिसातली लेव्हलची दुर्बीण रविवारपुरती मागून आणली. दोन्ही काठांची उंची घ्यायची होती. पलीकडं मोजपट्टी धरायला माणूस नव्हता, तर कौसाच उभी राहिली. पदर खोचून, पट्टी सरळ धरून, हलू नको म्हटलं की श्वाससुद्धा धरून ठेवायची. कशासाठी मोजतेस, तिनं विचारलं. नकाशासाठी, मी म्हणाले.

त्या दिवशी दुपारी ओसरीत बसून मी हिशेब केला. अवघड नव्हता. मळईत शिरणारं सगळं पाणी बांधानं अडलं की ते नदीतच उंच चढणार, आणि आमच्या बांधाच्या माथ्यापेक्षा पलीकडचा काठ हातभर खाली होता. पाणी आधी कुठं जाणार? हे मी अंदाजानं सांगत नाही. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, आकडे होते.

दादाला सांगितलं. बांध मळईच्या मागं घे, पट्टी नदीला मोकळी सोड, म्हणजे कुणाचंच काही जाणार नाही. तो म्हणाला, “मग मोसंबी काय नदीला वाहायची? त्यांना बी घालू दे की बांध तिकडनं.” मेंढ्या राखणारी माणसं पोकलेन मशीन कुठून आणणार होती? मी हे विचारलं नाही. मी काठानंच रेष आखून दिली.

मशीन चालवणारा शहरातला होता, किराडपुऱ्याकडचा. दुसऱ्याच दिवशी त्यानं मशीन थांबवलं आणि खाली उतरून मला म्हणाला, “मॅडम, इधर से रोक रहे, तो पानी किधर तो जाएंगा ना. उधर बाई का घर है.” ज्यानं माझ्यासारखी चार पुस्तकं वाचली नव्हती त्याला हे नुसतं बघून दिसलं. मी काय म्हणाले? “तुम अपना काम करो.” तो गप चढला आणि काम करू लागला. आजही मला त्या माणसाचा राग येतो. का येतो, ते आता तुम्हाला कळतच असेल.

बांध उन्हाळ्यात झाला. आणि मृगाच्या आधी, एका सकाळी, कौसा आमच्या अंगणात आली. मी सुट्टीची आले होते, दादा शेतात होता. ती पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, “निमे, खरं सांग. ह्यो बांध झाल्यापासून ह्यांच्या डोक्यात बसलंय, पाणी आता आपल्याकडं फिरंल. माळावर राहायला चला म्हणतात. माळावर पाण्याची सोय नाय, मामीला गुडघ्यानं चालवत नाय, एवढ्या मेंढ्या कुठं न्यायच्या? तू समदं मोजलंय. येईल का गं पाणी?”

इथवर आणलं तुम्हाला. इतका वेळ शब्दावर ओरडले, भावावर ओरडले, त्या मशीनवाल्याला मध्ये आणलं. आता सांगते.

मी म्हणाले, “नाही येत. राहा निवांत.”

चुकून नाही. हिशेब चुकला म्हणून नाही. वही आत कपाटात होती आणि मला पान आठवत होतं. ती माळावर गेली असती तर गाव विचारणार होतं, का गेली. लिंबाजी ग्रामपंचायतीत अर्ज देईन म्हणत होताच. अर्जामागं चौकशी आली असती, चौकशीत नकाशा, आणि नकाशावर माझं नाव. ती जोवर तिथं राहत होती तोवर कुणी म्हणू शकत नव्हतं की बांधामुळं पलीकडं धोका आहे. मी तिला तिथं पुरावा म्हणून ठेवलं. माणसांना, म्हातारीला, मेंढ्यांना — पुरावा म्हणून. आणि मनात काय होतं? एवढा पूर काय दरसाल येतो का. येईल तेव्हा बघू.

ती उठली, म्हणाली, “तू म्हणलीस, आता जीव थाऱ्यावर आला.” आणि गेली.

पूर त्याच पावसाळ्यात आला. गौरी उठल्यावर तीन-चार दिवसांनी. मी शहरात ऑफिसला होते. सकाळी अकराच्या सुमाराला दादाचा फोन आला. तो ओरडूनच बोलत होता. “निमे, बांध टिकला. आत थेंब नाय आला, थेंब.” मला किती आनंद झाला सांगू? मी उठून शेजारच्या टेबलावर सांगितलं, आमचा बांध टिकला, मीच आखलेला. सगळे वा वा म्हणाले. कुणीतरी चहा मागवला. पलीकडं काय झालं, हे मी दादाला फोन लावून विचारलं — चहा पिऊन झाल्यावर.

तो म्हणाला, “पलीकडं लई पाणी हाय.”

नंतर कळलं ते असं. कौसा आणि लिंबाजीनं पोरं वर माळावर नेऊन ठेवली होती. लिंबाजी आईला पाठीवर घ्यायला परत फिरला, तर ती घरात नव्हती. मेंढ्या जाळीच्या कुंपणात अडकून ओरडत होत्या. जिला गुडघ्यानं चालवत नव्हतं ती भागाबाई सरपटत तिथवर गेली आणि तिनं जाळीच्या गाठी सोडल्या. बऱ्याच मेंढ्या पोहून निघाल्या. ती नाही निघाली. दुपारनंतर ती खालच्या अंगाला बाभळीत सापडली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. आमच्या बाजूला मोसंबी हिरवीगार उभी होती, पानं धुऊन निघालेली. पलीकडं भिंती नव्हत्या, नुसता चिखल. कौसानं मला पाहिलं आणि गळ्यात पडली. म्हणाली, “तू तर सांगितलं व्हतं, येत नाय म्हणून. पण आभाळच फुटलं. तू तरी काय करशील?”

आभाळ फुटलं नव्हतं. पाऊस मोठा होता, खोटं कशाला बोलू, पण याहून मोठे पाऊस आम्ही दोघींनी लहानपणी बघितले होते, याच नदीवर. तेव्हा पलीकडच्या त्या दारात पाणी आलं नव्हतं. तेव्हा मळई नदीची होती.

पंचनामा करायला माणूस आला. कागद गुडघ्यावर ठेवून त्यानं इकडंतिकडं बघितलं. गावात शिकलेली, पाण्यातलं कळणारी मी एकटी. “मॅडम, कारण काय लिहू?” त्यानं मला विचारलं. आणि मी सांगितलं. शुद्ध भाषेत, न अडखळता — ढगफुटीसदृश अतिवृष्टीमुळे. सदृश हा शब्दसुद्धा माझाच. कुणी शंका घेऊ नये म्हणून. भागाबाईच्या नावापुढं तो शब्द माझ्या डोळ्यांदेखत लिहिला गेला आणि लिंबाजीनं त्याखाली अंगठा दिला.

वही मी जाळली. वाटलं होतं जाळल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं, पण परत मिळाली असती तरी मी ती कुणाला दाखवली नसती, हे मला माहीत आहे.

आता ऑफिसात कुणी शेतकरी बांधाचं विचारायला आला की मी त्याला समोर बसवून समजावते. काठावर घालू नका, नदीला जागा सोडा, समोरच्याचं घर बघा, वरच्याचं शेत बघा. तावातावानं सांगते. लोक म्हणतात, मॅडम फार कळकळीनं बोलतात. अनोळखी माणसांना मी खरं सांगते. कळकळ म्हणे. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि एवढ्यावर हे संपलं असतं तरी कदाचित मी आज लिहायला बसले नसते.

गेल्या वर्षी करमाडच्या बाजारात कौसा भेटली. ती माणसं आता माळावर राहतात. मेंढ्या थोड्या उरल्यात, त्या लिंबाजी बघतो. ही रोपवाटिकेत कामाला जाते. हात चिरलेले, केस पांढरे. मी बसची वाट बघत होते, ती पिशवी मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसली. घरचं कसं चाललंय विचारलं, तर म्हणाली, “हे बोलत नायत माझ्याशी. मामी गेली तवापासनं. पाणी लागलं तरी पोरीला मागतात, मला नाय. ते माळावर चला म्हणत व्हते ना. मीच अडवलं व्हतं.”

मी पर्समधून तिकिटाचे सुटे पैसे काढले.

“तुझं नाव मी कुठं घेतलं नाय हां,” ती म्हणाली. “तुला विचारलं व्हतं ते ह्यांना बी सांगितलं नाय. म्हणलं, माझ्याच मनानं राहिले मी. तुझं गावात येणं-जाणं असतं, उगा कशाला?”

बस समोर येऊन उभी राहिली होती. लोक चढत होते. लिंबाजी फार लांब नव्हता, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दोरखंड घेत उभा होता, मला दिसत होता. एका वाक्याचं काम होतं.

“बरं केलंस,” मी तिला म्हणाले, आणि बसमध्ये चढले.