आत्याचं दूधकेंद्र आणि माझा प्रोजेक्ट

एमबीएला मी सप्लाय चेन मॅनेजमेंट घेतलं तेव्हा आमच्या घरात तो विषय काय आहे ते एकट्या आत्याला कळलं. बाबांना वाटलं, ट्रकबिकचं काहीतरी असेल. आईनं तर विचारलंच नाही, बारामतीला हॉस्टेल मिळालं का एवढंच विचारलं. आत्या म्हणाली, "म्हंजे गोठ्यातनं दूध निघतं तितनं पुण्यातल्या बाईच्या पातेल्यात पडस्तवर मधी जे काय हुतं, ते. व्हय ना?"

मी म्हटलं, "हो, तेच."

"आन् त्याला दोन वरसं?" असं म्हणून ती खूप हसली.

आत्या बाबांची थोरली बहीण. पणदऱ्याला दिलेली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिचा नवरा विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून गेला. मूलबाळ नव्हतं. तेराव्यानंतर आठवडाभरात सासूनं तिची पेटी जीपमध्ये टाकली आणि तिला शेळगावला आणून सोडलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. आमची वस्ती शेळगावपासून आत, कॅनॉलच्या कडेला. तिथं डेअरीला दूध गोळा करायला कुणीतरी हवं होतं. ते काम आत्यानं मागून घेतलं. पत्र्याची एक खोली, वजनकाटा, दुधाची फॅट मोजायचं मशीन आणि पाचसहा कॅन, एवढं ते केंद्र. पहाटे पाचला ती खोलीचं दार उघडायची, संध्याकाळी पुन्हा. माझ्या आठवणीत तिनं एकही दिवस खाडा केलेला नाही. बाबांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळचं दूध घालून मगच ती वऱ्हाडात चढली होती, असं आई सांगायची.

मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. आई रानात गेली की मी केंद्रावर. मशीनवर आकडा आला की आत्या तो मोठ्यानं म्हणायची आणि मी वहीत लिहायची. शाळेत जायच्या आधी मला दशांश चिन्ह येत होतं. पुढं बी.कॉम. झाल्यावर बाबा लग्नाचं बघू म्हणाले, तेव्हा तीच मध्ये पडली. "तिला शिकू दे," एवढंच ती बोलली. तिच्या शब्दापुढं बाबा जात नसत.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. कुणी बारामतीच्या एमआयडीसीतल्या कंपन्या निवडल्या, कुणी द्राक्षांची निर्यात. मी दूध निवडलं. आत्याचं केंद्र ज्या डेअरीचं, तिनंच परवानगी दिली. त्यांचा टेम्पो कळसच्या बाजूनं निघून वाटेतल्या केंद्रांवरून दूध उचलत शीतकरण केंद्रावर जायचा. दूध गार व्हायला जितका उशीर, तितकं ते खराब व्हायची भीती जास्त. उन्हाळ्यात तर फारच. त्या रूटवर वेळ कुठं जातो ते शोधायचं, हा माझा प्रोजेक्ट.

दोन आठवडे मी ड्रायव्हरशेजारी बसून फिरले. प्रत्येक केंद्रावर मोबाईलवर वेळ लावायची, कॅन मोजायचे, कागदावर टिपायचं. आमची वस्ती आली की मला आनंद व्हायचा. आत्या चहा तयार ठेवायची. मुख्य रस्ता सोडून टेम्पो आत यायचा, कॅन निघायचे थोडेच, आणि वर आत्या हमखास म्हणायची, "थांब रं जरा, म्हातारी यायचीय." पलीकडच्या मळ्यातली एक म्हातारी एका म्हशीचं दूध किटलीत घेऊन चालत यायची. तिचे गुडघे गेलेले. ती बांधावर दिसली की आत्या ड्रायव्हरला बोलण्यात गुंतवायची.

एकदा माझ्या कागदाकडं बघून तिनं विचारलं, "काय लिवतीस गं येवढं?"

"किती वेळ लागतो ते."

"माझ्या हितलं चांगलं लिव्ह हां."

मी हसून मान हलवली आणि लिहिलं, थांबा : सोळा मिनिटे.

सगळी माहिती कॉम्प्युटरवर घातली तेव्हा उत्तर लगेच दिसलं. आमच्या वस्तीचं केंद्र रूटमधून काढलं आणि तिथलं दूध शेळगावच्या मोठ्या केंद्रावर आणायला सांगितलं, तर टेम्पो बराच आधी पोचत होता. मी पहिल्या मसुद्यात ते लिहिलं नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी बदलांवर चार पानं भरली. प्रोजेक्टच्या सरांनी ती वाचली, तक्ता उघडला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे केंद्र का ठेवलंस?"

"सर, तिथले लोक लांब आहेत."

"हे तुझ्या माहितीत कुठं आहे? तुझे आकडे काय म्हणतात?"

तिथं मी सांगायला हवं होतं की ते केंद्र चालवणारी माझी आत्या आहे, आणि त्या म्हातारीला शेळगावपर्यंत चालवणार नाही. वर्गातली दोन मुलं पाठीमागं उभी होती. मला लाज वाटली. खेड्यातली पोरगी घरचं रडगाणं घेऊन आली, असं कुणी म्हणायला नको होतं. मी म्हटलं, "बरोबर आहे सर. बदलते." हॉस्टेलवर जाऊन मी तो परिच्छेद लिहिला. कॉलेजचा रिपोर्ट कोण वाचतंय, कपाटात पडून राहील, अशी स्वतःची समजूत घातली.

सादरीकरणाला डेअरीचे एक साहेब आले होते. त्यांनी रिपोर्टची प्रत मागून घेतली, माझ्याशी हात मिळवला. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मी आत्याला फोन केला तर तिनं केंद्रावर पेढे वाटले.

चार महिन्यांनी तेच साहेब वस्तीवर आले. पुढच्या महिन्यापासून इथलं संकलन बंद, दूध शेळगावला घाला, असं त्यांनी सांगितलं. आत्यानं कारण विचारलं. आमचं नातं त्यांना ड्रायव्हरकडून कळलं असावं. तिला बरं वाटावं म्हणूनच असेल, ते म्हणाले, "मावशी, तुमच्याच भाचीनं अभ्यास केलाय. फार हुशार मुलगी आहे."

हे मला आईनं केंद्र बंद झाल्यावर फोनवर सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी गेले. आत्या केंद्रावर होती. काटा आणि मशीन डेअरीनं नेलं होतं, ती खोली झाडत होती. मी दारात उभी राहिले. तिनं झाडू खाली ठेवला.

"ते कागद आणल्यात का?"

"कसले?"

"ज्येच्यात लिवलंयस ते. वाचून दाव मला."

रिपोर्ट मोबाईलमध्ये होता. इंग्रजीत होता. मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. सदर केंद्रावर संकलन कमी आहे. थांबण्याचा कालावधी अवाजवी आहे. सबब केंद्र बंद करून विलीन करावे. माझा आवाज मलाच ऐकवत नव्हता. ती भिंतीला टेकून शांतपणे ऐकत होती.

"माझं नाव न्हाय त्यात?"

"नाही. क्रमांक टाकलाय फक्त."

"मग लिवायला सोपं गेलं असंल," ती म्हणाली.

ती चिडून बोलली असती, मला बोल लावला असता, तर मी पाय तरी धरले असते. ती हे अगदी साधेपणानं बोलली, मला समजून घेतल्यासारखं. मी रडायला लागले तेव्हा तिनं पाठीवरून हात फिरवला आणि खोलीला कुलूप लावलं.

मी साहेबांना भेटले. सर्वांत लांबच्या लोकांचा मी विचार केला नव्हता, रिपोर्ट बदलून देते, असं म्हटलं. ते चांगले होते, खुर्ची दिली, ऐकून घेतलं. पण नवीन रूट सुरू झाला होता आणि दूध वेळेवर पोचत होतं. "तुमचं गणित चुकलेलं नाही," ते म्हणाले. दिवाळीच्या आधी त्या म्हातारीनं म्हैस विकली.

आत्या पहाटे उठायची ती उठतच राहिली. अंघोळ करून, वेणी घालून ओट्यावर बसायची. वस्तीवरच्या बायका आधी तिच्याकडं दिवसातून दोनदा यायच्या, आता शेळगावला जाताना लांबूनच हात करायच्या. घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, तरी ती आईला विचारून चहा करायला लागली. आधी कधी विचारत नव्हती.

मग पणदऱ्याहून निरोप आला. सासू अंथरुणाला खिळली होती, दीर पुण्याला, करायला कुणी नव्हतं. ज्या बाईनं तिला हाकललं, तिचंच हागणंमुतणं काढायला आत्या जाते म्हणाली. बाबा कधी नव्हे ते ओरडले. "तुला हितं काय कमी हाय का?"

"न्हाय रं," ती म्हणाली. "पण हितं मला काम न्हाय. तितं हाय."

मी तिला बारामतीच्या स्टँडवर पणदऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. तिच्याकडं एकच पिशवी होती. मला शेळगावची परतीची गाडी धरायची होती. "आत्या, जाऊ नको ना," मी खिडकीतून म्हटलं. ती म्हणाली, "तुझी गाडी चुकंल. जा."

महिन्याभरानं मी तिकडं गेले. उसातून आत गेल्यावर घर होतं. सासू कॉटवर पडलेली, आत्या तिला चमच्यानं पेज भरवत होती. आत्या वाळली होती. मला तिनं पोहे करून घातले, नोकरीचं विचारलं. मला बारामतीतच एका गोदामात नोकरी लागली होती, रूट लावायचंच काम. ते ऐकून ती बरं म्हणाली. निघताना मी अंगणात तिचा हात धरला.

"तू रागावलीस ना माझ्यावर?"

"राग न्हाय गं. तू शिकलीस ते लिवलंस." ती उसाकडं वळली. "पण सारखी येत जाऊ नगंस. तू आलीस की मला पहाटचं सगळं आठवतं. मग दोन दिस काय सुचत न्हाय."

मी तिचं ऐकलं. सणासुदीला फोन करते. ती बरी आहे म्हणते, आईबाबांची चौकशी करते, आणि तीच फोन ठेवते.

यंदा उन्हाळ्यात सासू गेली. आता आत्या परत येईल म्हणून आईनं तिची खोली सारवून घेतली. बाबा दहाव्यानंतर तिला आणायला गेले. मी रजा टाकून घरी वाट बघत होते. संध्याकाळी बाबा एकटेच आले. चपला काढून ओट्यावर बसले.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"न्हाय म्हणाली. शेजारच्यांच्या दोन गाई बघती आता. तितंच ऱ्हाती म्हणाली."

मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "तुझं कसं चाललंय इचारत हुती." मी उठून आत गेले आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले.