लसीच्या पेटीतला मठ्ठा
मठ्ठ्यातल्या भाजलेल्या जिऱ्याचा वास आला की मला बुऱ्हाणपूरचा मे महिन्यातला तो हॉल आठवतो. गुरांच्या दवाखान्यांतल्या आम्हा सहायकांचं प्रशिक्षण होतं आणि लस थंड कशी ठेवायची, यावर मला बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी धूलकोटला गाईंना टोचायचं होतं, म्हणून लसीची बर्फाची पेटी सोबतच आणून स्वयंपाकघरात सावलीला ठेवली होती. पंखे गरम हवा फिरवत होते, समोरचे निम्मे डुलक्या घेत होते, तरी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले: पेटी उगाच उघडू नका, बाटल्या उन्हात ठेवू नका. टाळ्या पडल्या. जेवायला गेले तर माझ्या बाटल्या खिडकीत, भर उन्हात, ओळीनं मांडलेल्या, आणि आचारी माझ्या पेटीतून पेले भरतोय. "मॅडम, मठ्ठा गरम होऊन राह्यला होता, म्हणून तुमची दवाई जरा बाजूला ठेवली." आत्ताच टाळ्या वाजवलेले सहकारी रांगेत उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "एकदम थंडगार आहे, घ्या ना." मी धूलकोटला फोन केला, उद्या गाई बांधून ठेवू नका, चरायला सोडा म्हणून सांगितलं, आणि एक पेला घेतला. खरंच थंडगार होता. यंदा पुन्हा बोलावणं आलंय, विषय तोच. हो म्हटलंय, पेटीला कुलूप मात्र घरून नेणार आहे.