काळी पाच

लग्नसराई संपली की आमच्या घरची चूल दिवसातून एकदाच पेटायची. वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत नाचणारे त्यांना "ए बँडवाले" म्हणायचे आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं मांडवामागे वाढायचे. घरात कॉलेज पाहिलेला पहिला मी. संगीत मात्र वडिलांनी क्लॅरिनेट हातात देऊन आणि पेटीवर बोट ठेवून शिकवलं तेवढंच. सुरांची नावं पेटीच्या पट्ट्यांवरून: काळी एक, पांढरी चार.

दोन हजार चारच्या सुमारास अमेरिकेत ॲन आर्बरला एम.एस. करताना मी क्लॅरिनेट घेऊन तिथल्या हौशी ऑर्केस्ट्रात शिरलो. पुण्याचा रूममेट म्हणाला, "यार, इथं येऊनही तू वरातच काढणार?" त्याच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या, आणि विनोद हा.

कंडक्टर चेक रिपब्लिकमधला म्हातारा, लेकीकडे राहायला आलेला. सगळं आयुष्य तिकडच्या लहानसहान थिएटरांत दुसऱ्यांचं संगीत वाजवून घेण्यात गेलेलं. तरुणपणी लिहिलेली त्याची स्वतःची सिम्फनी सरकारने 'फार उदास' ठरवून कधी वाजू दिली नव्हती. ती मरायच्या आत एकदा ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं.

वाजवणारे डेंटिस्ट, वकील, प्रोफेसर. वाद्यं उंची, कान भाड्याचे. म्हातारा सुधारणा तोंडी सांगे, हे पेन्सिलीने लिहून घेत, आणि दर तालमीला सिम्फनी आणखी बेसूर होई. सेक्रेटरी डेंटिस्ट बाई होती. आधी ती जाणकारासारखी मान डोलवून सांगायची, मॉडर्न म्युझिक असंच असतं. मग तिनेच जाहीर केलं, आज जमलं नाही तर हे कॅन्सल.

त्या तालमीत म्हातारा म्हणाला, "इथे बी." नोटेशन मी तिथे वाचायला शिकलो होतो, पण सुरांची इंग्रजी अक्षरं डोक्यात बसत नसत. मी सरळ विचारलं, "काळी की पांढरी?"

इंग्रजीत ते 'ब्लॅक ऑर व्हाइट?' झालं. अमेरिकेत हा प्रश्न असा कोणी विचारत नाही. सेक्रेटरीबाई खाली बुटांकडे बघायला लागली. म्हातारा मात्र पियानोपाशी गेला आणि त्याने काळी पाच दाबली.

"ही बी."

"मग शेजारची पांढरी?"

"ती एच. दुसरं काय?"

त्याच्या देशात बी काळी असते. इथले शहाणे इतके दिवस प्रत्येक बी पांढरी वाजवत होते, आणि म्हातारा समजत होता, हौशी बोटं चुकतात. कानाला खटकलं तरी एकानेही विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला कळत नाही हे कळलं असतं ना!

खोडरबरं निघाली. सेक्रेटरीबाई म्हणाली, तिला शंका होतीच. असणारच.

वसंतात सिम्फनी पहिल्यांदाच, सबंध वाजली. म्हाताऱ्याने ती ऐकली. दुसरी क्लॅरिनेट मी वाजवली.