टँकबंडवर पेटलेली लाल गाडी

ती घटना आठवली की आजही माझे डोके गरगरते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत रस्त्यावर उभा राहिलो. तिथे काय घडले ते निदान समजत तरी होते. या प्रकरणात फिर्याद मिळाली, पुरावा मिळाला, संशयिताने "माझ्या हातानं झालं" असेही सांगितले, आणि तरी आम्हाला काही केल्या उलगडा होईना. नाव कोणाचेच घेत नाही. त्यातली माणसे अजून हैदराबादेतच आहेत आणि भाजी घेताना भेटतात.

दिवस उदारीकरणाचे. रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायची आणि आमच्या स्टेशनची जीप मात्र रोज सकाळी ढकलावी लागायची. दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी घेऊन मी चहाचा पेला उचलला, तोच वायरलेसवर निरोप आला की तलावाच्या बांधावरच्या रस्त्यावर, टँकबंडवर, एक विदेशी गाडी पेटली आहे.

पोचलो तेव्हा फिरायला आलेल्या लोकांनी वाळू टाकून आग विझवली होती. गाडी लालभडक, जमिनीला टेकलेली, पुढून पाचर ठोकल्यासारखी निमुळती. मागचा भाग काळा पडलेला. मालक तिशीतला, फुटपाथवर बसून भाजलेला उजवा हात हवेत धरून होता. त्याला दवाखान्यात पाठवले आणि आम्ही पंचनाम्याला लागलो.

माझ्या हेड कॉन्स्टेबलने पुढचे झाकण उचलले आणि तेलुगूत ओरडला, "इंजिन लेदु, सार!" इंजिनच नाही! आत एक जादा चाक आणि नट आवळायचे दोन-चार पाने, एवढाच ऐवज. इंजिन चोरीला गेले म्हणावे तर गाडी इथवर आली कशी? मग मागचे झाकण उचलले, तेव्हा सीटच्या पाठीमागे बसवलेले ते धूड दिसले. आता पंच अडून बसले. त्यातला एक गौलीगुड्याचा सायकल दुकानदार होता. तो म्हणाला, "इंजिन पीछे, डिक्की सामने? साब, उल्टी गाडी पे मैं दस्तखत नै करता. कल कोर्ट में मेरे कू पागल बोलेंगे." त्याची समजूत घालण्यात सकाळ गेली.

त्या इंजिनावर एक गोष्ट मिळाली. धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळीला लोखंडी तार घट्ट पिळून बांधलेली होती. तारेत जळक्या लाल फडक्याची चिंधी आणि कोळसा झालेले काहीतरी. वास मात्र पेट्रोलचाही नव्हता आणि रबराचाही. कुठेतरी घेतलेला वास वाटत होता, पण कुठे ते आठवेना.

दवाखान्यात मालकाचा जबाब घ्यायला बसलो. वडिलांचे गौलीगुड्यात मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान, घर नारायणगुड्याला, मूळ मराठवाड्यातले शेतकरी. हा आखातात नोकरीला होता. वडील गेल्यावर परत आला आणि येताना ही जुनी इटालियन गाडी बरोबर घेऊन आला. गाडीचा विषय निघाला आणि गडी हाताचे दुखणे विसरला.

"बारा सिलिंडर आहेत, साहेब. सहा कार्ब्युरेटर. इंजिन मधोमध का बसवलंय ठाऊक आहे? वजन पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये राहतं. वळणावर गाडी ढुंगण हलवत नाही, जमिनीला चिकटून वळते. उभ्या गाडीवरून शंभराच्या वेगाला जायला सहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. आणि आवाज तर असा, की पाठीच्या मणक्यातून ऐकू येतो."

"मागचं काही दिसतं का?" मी विचारले.

"मागचं बघायची वेळच येत नाही," तो म्हणाला. मग क्लच किती जड, पाणी थंड करायला गाडीच्या कुशीतून हवा कशी आत घेतात, आपल्या पेट्रोलवर इंजिन कसे खोकते, हे सारे ऐकावे लागले. मला निम्मे कळले नाही. एक कळले, की या माणसाला आपली गाडी बायकोपोरांसारखी होती आणि ती कोणीतरी जाणूनबुजून जाळली अशी त्याची खात्री झाली होती.

"दसऱ्यानंतर आज पहिल्यांदाच बाहेर काढली, आणि टँकबंडवर जोर द्यायच्या आधीच धुराचा वास आला म्हणून थांबलो. जोरात असतो तर मी आज असतो का? तार बांधलेली सापडली ना तुम्हाला? मग? ड्रायव्हरला धरा."

ड्रायव्हर वडिलांच्या वेळचा. घरच्या जुन्या अँबेसेडरवर त्याची हयात गेलेली. आठवडाभरापूर्वी मालकाने त्याला गल्लीत चारचौघांदेखत सुनावले होते, की ही गाडी पुसायलासुद्धा हात लावायचा नाही. त्याच दुपारी शेजारच्या एका गृहस्थाचा स्टेशनला फोन आला. दसऱ्याच्या दिवशी मालक बाहेर सोने वाटत फिरत असताना त्याने गच्चीवरून ड्रायव्हरला शेडमध्ये पाहिले होते. लाल गाडीचे मागचे झाकण उघडे आणि हा हातात तार घेऊन आत वाकलेला. हेतू मिळाला, संधी मिळाली, साक्षीदारही मिळाला. वरून फोन सुरू झाले की अटक कधी दाखवता. खुनाचा प्रयत्न म्हणजे लहानसहान कलम नव्हे.

ड्रायव्हरला चौकशीला आणले. पन्नाशीचा, अंगाने वाळकुडा, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात. चप्पल त्याने दाराबाहेर काढली.

"गाडीला तार तू बांधलीस?"

"हौ साब."

"तारेत काय होतं?"

त्याने नजर दाराबाहेरच्या चपलेकडे वळवली.

"अरे, मालकाला मारायचं होतं का तुला?"

"साब, काय बोलता!" तो उठून उभाच राहिला. "भैय्याला म्या कडेवर घेऊन शाळेत सोडलंय."

"मग काय बांधलंस ते सांग."

"ते नाही सांगता येत, साब. माझ्या हातानं झालं, एवढं लिवून घ्या. आन् भैय्याचा हात कसाय?"

हे सबंध दुपारभर चालले. दटावून पाहिले, चहा पाजून पाहिले. हेड कॉन्स्टेबलने तुझी बायकामुले रस्त्यावर येतील म्हणून भीती घातली. प्रत्येक वेळी तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि शेवटी तेच विचारायचा, भैय्याचा हात कसा आहे. माझा अनुभव असा, की गुन्हेगार आधी स्वतःचे विचारतो. जामीन मिळेल का, घरी कळवले का. हा स्वतःबद्दल एक शब्द विचारत नव्हता. खोटे बोलणारा माणूस मी ओळखतो आणि खरे बोलणाराही ओळखतो. दोन्ही एकदम करणारा माणूस माझ्यापुढे पहिल्यांदाच बसला होता. मी पार वैतागून गेलो.

संध्याकाळी शेवटचा उपाय म्हणून म्हणालो, "ठीक आहे. आईची शपथ घे आणि सांग की तुझ्या मनात पाप नव्हतं. मी ऐकेन."

त्याने चटकन दोन्ही कान धरले. "शपथ नक्को, साब. एक हाय तीच पुष्कळ झाली."

मी ते ऐकले, पण डोक्यात शिरले नाही. लिखापढी बघणाऱ्या रायटरने अटकेचा कागद पुढे सरकवला, मी सही केली. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवालही आला होता. त्याने अशी गाडी जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे अहवालात प्रामाणिकपणे लिहिले होते, की बाहेरची वस्तू तापून पेट घेतला असावा, शिवाय पेट्रोलची एक रबरी नळी जुनी होऊन तडकलेली आहे, नक्की काय ते सांगता येत नाही. म्हणजे आणखी गोंधळ! दुसऱ्या दिवशी अटक दाखवून त्याला कोर्टात उभे करायचे ठरले. एकदा त्या कलमाखाली आत गेला असता तर म्हातारा होऊनच बाहेर आला असता.

सकाळी आंघोळ करून डबा घ्यायला स्वयंपाकघरात डोकावलो. बायको मसाल्यासाठी खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून गॅसवर भाजत होती. वाटीने पेट घेतला, तेल सुटून निळसर ज्योत उठली, तिने फुंकर मारली, आणि तो वास माझ्या नाकात गेला. जळलेले खोबरे! तारेतला कोळसा खोबऱ्याचा होता. मी तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "डबा घ्या की, पुतळा का झालात?"

खोबरे, लाल फडके, दसरा. आणि एक शपथ, तीच पुष्कळ झाली. आता सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले. आपल्या घरांतून शपथ घातली जाते ती तुम्हाला सांगायला नको. ज्याच्या गळ्याची शपथ, त्याच्यावर गंडांतर येते ती मोडली तर. आणि तिच्यातून सोडवायचे झाले तर घालणाऱ्यानेच "सुटली" म्हणायचे. जामबागेत शाळेत असताना आम्ही पोरे हे दिवसातून दहा वेळा करायचो. मोठी माणसे ते खेळ म्हणून करत नाहीत, एवढाच फरक.

डबा तसाच ठेवून नारायणगुड्याला गेलो. शेडमध्ये जुनी अँबेसेडर उभी होती. ड्रायव्हरची हयात या गाडीवर गेली, नारळ बांधायची रीत त्याने इथेच पाहिली असणार, म्हणून डिक्की उघडली. कोपऱ्यातल्या हुकाला कापलेल्या तारेचे टोक लोंबत होते आणि पत्र्यावर हळदीकुंकवाचे जुने डाग होते. मागे वळलो तर मालकाची आई दारात उभी.

"इथं नारळ होता ना, माय?" मी विचारले.

तिने पदर सावरला. "हौ, बाबा. यांनी ही गाडी घेतली तवा बांधला होता. हयातभर यांना काही झालं नाही. आता पोरगं ती राक्षसीण घेऊन आलं. लिंबू बांधलं तर फेकून दिलं, कुंकू लावलं तर पुसून टाकलं. मला हसतं. मंग म्या ह्यातला नारळ सोडून तिच्यात बांधायला लावला."

"इंजिनापाशी?"

"ड्रायव्हर म्हणला, माय, मागं डिक्की नाही, इंजिन हाय. म्या म्हणलं, मंग तर बेसच. जोर तिथूनच निघतो ना? तिथंच बांध."

त्या दिवशी गाडी थंड होती. ड्रायव्हरने सर्वांत मजबूत नळी बघून तार पिळली. अँबेसेडरच्या डिक्कीत काहीही बांधा, कधी तापत नाही. या गाडीतली ती नळी तव्यापेक्षा तापते हे त्या दोघांना कोण सांगणार? वर्षानुवर्षांच्या त्या नारळात पाणी कधीच आटलेले, आत नुसता तेलाने भरलेला गोटा.

"भैय्याला कळू नये म्हणून त्याला शपथ घातली?"

"भैय्याच्याच गळ्याची घातली," ती म्हणाली. मग हसली. "पण बघा, नारळ जळाला आन् लेकरू वाचलं. राखलं का नाही त्यानं?"

तिला काहीच ठाऊक नव्हते. मुलाने तिला सांगितले होते, की ड्रायव्हर गावाकडे गेला आहे. तो आमच्याकडे आहे आणि आज त्याला कोर्टात नेणार, हे मी सांगितले तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. मी पोलीस माणूस, तरी मान खाली घातली. मी जीपमध्ये बसा म्हणालो तर नको म्हणाली. त्या घरातली बाई आजवर स्टेशनची पायरी चढलेली नव्हती. ती रिक्षा करून माझ्या मागोमाग आली.

मालक हाताला पट्टी बांधून आधीच माझ्या खोलीत बसला होता, अटक झाली का बघायला. आईला पाहून उठला. "अगं, तू इथं कशाला?" तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ड्रायव्हरला आणले, तो बाईला पाहून भिंतीला खेटून उभा राहिला. ती त्याच्यापुढे जाऊन थांबली.

"सुटली," ती म्हणाली. "भैय्याची शपथ सुटली रे बाबा. सुटली, सुटली. आता बोल."

तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. रडणे आवरल्यावर सगळे सांगितले. ज्याला मालक खुनी म्हणत होता, तो त्याच्याच जिवासाठी आत बसला होता. शेवटी ड्रायव्हर उठून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "हात दावा, भैय्या." मालकाने पट्टीचा हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे वळवले.

अपघाती आग असा अंतिम अहवाल मी पाठवला. नारळाचा उल्लेख केला, शपथेचा केला नाही. त्या फॉर्मात तिला रकाना नव्हता. गाडी बरेच दिवस शेडमध्ये होती, पुढे कोणीतरी बंगळूरला नेली म्हणे. ड्रायव्हर त्या घरातूनच निवृत्त झाला.

आता खरे सांगतो. नारळाने त्या पोराला जाळायला घेतले की वाचवले, हे मला आजही कळलेले नाही. वास आला म्हणून तो थांबला. न थांबता जोर दिला असता तर ती तडकलेली नळी काय करती, देव जाणे. बायकोला विचारले तर ती मालकाच्या आईच्या बाजूची, माझ्या मुलाला विचारले तर तो मला वेड्यात काढतो. मी अहवालाच्या बाजूचा, पण अहवाल मीच लिहिलेला.

एक मात्र त्या प्रकरणाने शिकवले. गप्प बसलेला माणूस स्वतःलाच वाचवत असतो असे नाही. त्यानंतर जितकी वर्षे नोकरी केली, तितकी वर्षे माझ्यापुढे कोणी मुका होऊन बसला, की दरडावण्याआधी मी एक प्रश्न विचारायचो: कोणी शपथ घातली आहे का रे तुला? बहुतेक जण हसायचे. काही जण रडायला लागायचे.