झिरा बुजवून जा

तीर्थपुरीहून दक्षिणेला चालत निघालं, की दुपारच्या आत गोदावरी लागते. तिच्या काठावरच्या एका लहान गावात इंद्रायणी नावाची धनगराची बाई राहत होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत जे कुणी अस्थी घेऊन, दहाव्याला, वनभोजनाला किंवा नुसतेच अंघोळीला त्या वाळवंटात उतरले असतील, त्यांतल्या पुष्कळांना ती आठवत असेल. उंच, हडकुळी, नऊवारीचा काष्टा गच्च खोवलेला आणि खांद्यावर फावडं. माणसं जेवून उठली, पत्रावळ्या तशाच टाकून धोतरं झटकायला लागली, की ही बाई पुढं यायची आणि म्हणायची, "खड्डा केलाय तेवढा बुजवून जा, बाबा."

कुणी बुजवायचं, कुणी हसायचं. "येडी हाय जणू," असंही कुणी म्हणायचं. वेडी ती नव्हती.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती या नदीला पाण्याला जात होती. नवरा रायभान मेंढरं घेऊन दिवाळीनंतर निघायचा तो ज्येष्ठातच परतायचा. घरी इंद्रायणी, दोन-चार अधू मेंढ्या आणि एक लेक, ठकूबाई. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली, म्हणून ही एकटी आणि लाडाची. ठकू बारा वर्षांची होती. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि मेंढीशीसुद्धा भांडायची.

बहात्तरचा पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात गोदावरी आटली. एवढं मोठं पात्र, पण या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू. पाणी वाळूच्या पोटात गेलं होतं. बाया खड्डा उकरायच्या, तळाला पाणी पाझरायचं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायच्या. यालाच झिरा म्हणायचे. झिऱ्याची एक रीत होती. तोंड रुंद ठेवायचं, कडेला उतार द्यायचा, म्हणजे वाळू अंगावर येत नाही. आपलं पाणी भरून झालं की मागच्या बाईला वाटी द्यायची. झिऱ्याच्या वरच्या अंगाला धुणं धुवायचं नाही. आणि झिरा आटला, सोडून द्यायचा झाला, की वाळू ओढून बुजवायचा. हे कुणी कुणाला शिकवत नव्हतं. सासू करायची ते सून करायची.

याच रीतीत आणखी एक रीत होती. गावाचे झिरे वरच्या अंगाला आणि बौद्धवाड्याचा झिरा खालच्या अंगाला, चांगला लांब. दुष्काळातसुद्धा ती बदलली नव्हती. त्या झिऱ्यावर गिरिजाबाई असायची. वयानं मोठी, विधवा, मुलगा बदनापूरकडं शेतकीच्या फार्मावर कामाला. इंद्रायणी आणि ती एकाच दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या, पण नदीवर दोघी लांबूनच बोलायच्या. गिरिजाबाई तिला "बाई" म्हणायची.

चैत्रातला दिवस होता. कामाला सुट्टी होती. इंद्रायणी झिऱ्यावर बसली होती, ठकू मेंढ्या घेऊन पुढं काठालगतच्या उंबराकडं गेली होती. उंबराखाली आदल्या दिवशी कुणीतरी बाहेरगावचे लोक दहाव्याला येऊन गेले होते. चुलीचे दगड, राख, पत्रावळ्या पडलेल्या. त्यांनी पिंडाच्या भातासाठी स्वच्छ पाणी हवं म्हणून एक झिरा खोदला होता. अरुंद तोंडाचा, सरळ खाली, गड्याच्या छातीएवढा खोल. आणि तो तसाच उघडा टाकून गेले होते.

एक कोकरू त्यात पडलं. ते ओरडायला लागलं, तशी ठकू धावली. इंद्रायणीला लांबून दिसत होतं. लेक कडेला वाकली, मग खाली उतरली, आणि जरा वेळानं खड्ड्यातून कोकरू वर आलं. तिनं ते वर ढकललं असणार. ते अंग झाडून आईकडं पळालं. इंद्रायणीला हसू आलं. आता ठकू वर येईल आणि त्या कोकराला चार शिव्या घालील, म्हणून ती बघत राहिली.

ठकू वर आली नाही.

इंद्रायणी उठली ती घागर लाथाडूनच पळाली. उंबरापाशी पोचली तर खड्डा नव्हताच. वाळूत नुसती एक खोलगट बशी दिसत होती आणि कडेनं अजून वाळू घरंगळत होती. ती गुडघ्यावर पडून हातांनी उकरायला लागली. जेवढी काढावी तेवढी पुन्हा आत यायची. तिच्या तोंडून नुसता एक आवाज निघत होता. तो आवाज ऐकून गिरिजाबाई आणि तिच्यासोबतच्या बाया खालून धावत आल्या. कुणी काही विचारलं नाही. घमेली, घागरी, हात, मिळेल त्यानं वाळू मागं लोटत राहिल्या. गिरिजाबाईची नखं फुटून रक्त आलं. गावातली माणसं फावडी घेऊन आली तोवर त्यांनी ठकूला वर काढलं होतं.

गिरिजाबाईनं आपल्या पदरानं पोरीच्या नाकातोंडातली वाळू पुसली. पापण्यांतली पुसली. मग तिनं पुसायचं थांबवलं आणि इंद्रायणीकडं बघितलं.

रायभानला निरोप पाठवला, पण चाऱ्याच्या मागं फिरणारा माणूस कुठं सापडायचा? तो ज्येष्ठात आला. मेंढरं अर्धी झाली होती, तोही वाळला होता. घोंगडं खाली टाकून त्यानं विचारलं, "ठकी कुठंय?"

"पाणी प्या आधी," इंद्रायणी म्हणाली.

"ठकी कुठं गेली म्हन्तो मी. हाक मार की तिला."

तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. तो प्याला. तो शेवटचा घोट घशाखाली जाईपर्यंत ती थांबली आणि मग तिनं सांगितलं. रायभान बराच वेळ तांब्याच्या आत बघत राहिला. मग म्हणाला, "कोन होते ते?"

"ठावं न्हाई. बाहीरगावचे."

ते कोकरू त्यानं विकलं नाही आणि कापलंही नाही. दुसऱ्याच्या कळपात देऊन टाकलं. पुढं नदीच्या वाळवंटात त्यानं पाऊल टाकलं नाही. मेंढरांना पाणी पाजायला लांबच्या तळ्यावर न्यायचा.

इंद्रायणी मात्र रोज जायला लागली. दिवस कलला की फावडं घेऊन निघायची. उघडा टाकलेला झिरा दिसला की वाळू ओढायची, पायानं दाबायची. फुटक्या बाटल्यांच्या काचा पदरात गोळा करायची. आणि प्रत्येक फावड्यासरशी त्या अनोळखी माणसाला शिव्याशाप द्यायची. तिनं त्याचं रूपही ठरवून टाकलं होतं. जाडजूड असेल, मिशा पिळलेला असेल, माजलेला असेल, दुसऱ्याच्या लेकराचं त्याला काय! त्याचं वाटोळं होवो, असं ती मोठ्यानं म्हणायची. गिरिजाबाई सोबत असायची. ती शाप देत नव्हती, नुसती वाळू ओढायची. कधीपासून ते दोघींनाही सांगता आलं नसतं, पण ती आता इंद्रायणीला "बाई" न म्हणता "इंद्रायणे" म्हणत होती, आणि इंद्रायणी खालच्या झिऱ्यावरच घागर भरत होती. गावातल्या बायांनी नाकं मुरडली. "लेकीपायी डोकं फिरलंय," म्हणाल्या, आणि त्या निमित्तानं तिला बोल न लावता सोडून दिलं.

दुसरं वर्ष लागलं. चैत्रातच एका दुपारी उंबराखाली माणसं दिसली. बैलगाडी सोडलेली, चूल पेटलेली. वर्षश्राद्धाला आलेले लोक होते. दोघी तिथं पोचल्या तेव्हा ते निघायच्या तयारीत होते. शेजारी झिरा होता. अरुंद तोंडाचा, सरळ खाली.

"झिरा बुजवून जा," इंद्रायणी म्हणाली.

त्यांच्यातला कर्ता माणूस वळला. सडसडीत, चष्मा लावलेला, डोक्याचा गोटा केलेला. तीर्थपुरीत शिवणकाम करायचा, नाव धर्मराज. उन्हानं आणि उपासानं तो कावला होता. "बाई, आमाला उशीर होऊन राह्यला. येईल पूर तवा बुजंल आपोआप. नदी काय तुझ्या एकटीची हाय का?"

गिरिजाबाई पुढं झाली. "भाऊ, तिची लेक असल्याच झिऱ्यात गेली. हितंच. वाळू अंगावर आली."

"कवा?"

"गेल्या चैतात. कुनी दहाव्याला आल्ते, उघडा टाकून गेले. दुसऱ्या रोजी पोरगी उतरली."

धर्मराजनं उंबराकडं बघितलं. मग झिऱ्याकडं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं आणि मध्येच हात खाली सोडला. तो वाळूत बसला. गाडीत चढलेली त्याची म्हातारी आई विचारत होती, "काय झालं रे? चल की जल्दी."

गिरिजाबाईला आधी कळलं. तिनं इंद्रायणीचा दंड धरला. मग इंद्रायणीलाही कळलं.

वर्षभर जो माणूस तिच्या डोळ्यांपुढं होता, तो हा नव्हता. याला मिशा नव्हत्या. कानावर शिवणाचा खडू लागलेला होता. हा बापाचं श्राद्ध करायला आला होता.

"का न्हाई बुजवला?" तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली नाही. "बापाच्या पिंडाला कावळा शिवंना गेल्ता. दुपार टळली तरी शिवंना. आई रडून राह्यली, लेकरं उपाशी. मंग शिवला एकदाचा, आन् आमी उठलो. ध्यानातच आलं न्हाई, माय. बिलकुल ध्यानात आलं न्हाई."

इंद्रायणीला वाटलं होतं, तो माणूस कधी सापडला तर त्याच्या डोक्यात फावडं घालीन. आता फावडं हातात होतं आणि हात उचलत नव्हता. त्यानं मुद्दाम केलं असतं, तिला हिणवून गेला असता, तर बरं झालं असतं. कशावर तरी दात रोवता आले असते. इथं काहीच नव्हतं. एका माणसाच्या ध्यानात आलं नाही, एवढंच होतं, आणि तेवढ्यापायी ठकू गेली होती.

धर्मराज उठला. त्यानं तिच्या हातातलं फावडं मागितलं नाही, कारण मागायची हिंमत नव्हती. तो गुडघ्यावर बसून हातांनीच वाळू लोटायला लागला. त्याचा चष्मा आत पडला. तो काढायला तो पुढं वाकला, खड्ड्यात अर्धा ओणवा झाला, तशी इंद्रायणी ओरडली, "सरक मागं! सरक म्हन्ते ना!" आणि तिनं त्याच्या सदऱ्याला धरून त्याला मागं ओढलं. मग फावड्याच्या टोकानं चष्मा वर काढून त्याच्यापुढं टाकला. पुढचं सगळं तिनं एकटीनं बुजवलं. तो बाजूला उभा राहून रडत होता. गाडी गेली तेव्हा तिनं तिकडं बघितलं नाही.

संध्याकाळी तिनं रायभानला सांगितलं. तो काठी घेऊन उठला. "तीर्थपुरीत हाय ना त्यो? आत्ता जातो."

"बसा," ती म्हणाली.

"बसा काय बसा? माझी लेक—"

"माझी न्हवती का? त्याला मारून काय करताव? त्याच्यात मारायसारकं काहीच न्हाई. मी बघितलंय." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती चुलीपुढं मोकळी होऊन रडली. रायभान काठी धरून उभाच राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं ती कोपऱ्यात ठेवली.

त्यानंतर शाप थांबले. शाप होते तोवर दिवस ढकलायला काहीतरी होतं. आता वाळू ओढताना ती गप्प असायची आणि ते गप्प राहणं जास्त जड जायचं. धर्मराज पुन्हा आला नाही. पण दहाव्याला तीर्थपुरीकडून येणारे लोक पुढं स्वतःहून झिरे बुजवायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, आमच्याकडच्या एका शिंप्यानं सांगून ठेवलंय. इंद्रायणी ते ऐकून घ्यायची.

अठ्ठ्याहत्तरात गावात हापसा आला. बाया नदीला यायच्या बंद झाल्या. त्याच वर्षी गिरिजाबाईचा मुलगा तिला बदनापूरला न्यायला आला. जाताना ती फाट्यावर थांबली.

"इंद्रायणे, आता झिरे कोन खोदतं? सोड की ते फावडं. घरी ऱ्हाय."

"वनभोजनाला येतात की लोकं. लेकरं उकरतात."

"तू एकटी पडशील गं."

इंद्रायणीनं तिचे हात हातात घेतले. ज्या बोटांची नखं फुटली होती, ती वाकडीच वाढली होती. इंद्रायणीनं त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मोटार आली. गिरिजाबाई आत चढली, आणि खिडकीतून दिसेनाशी होईपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसली होती.

मोटारीची धूळ खाली बसली. इंद्रायणी जरा वेळ तिथंच उभी राहिली, मग पायवाटेनं नदीकडं वळली. वाळवंटात कुठल्याशा शाळेची पोरं येऊन गेली होती. तिनं भेळेचे कागद गोळा केले, एका जागी उकरलेली वाळू पायानं सारखी केली, आणि अंधार पडायच्या आत घरी गेली. रायभान मेंढरं कोंडून भाकरीची वाट बघत बसला होता.